चार म्हशी, पंचवीस म्हशी की शंभर शेळ्या: सबसिडी कोणाच्या कामाची?

माझा मामेभाऊ इंदूरजवळ सांवेरकडे राहतो, चार म्हशी, अडीच एकर, घरातलेच तिघं राबतात. हल्ली त्याच्या डोक्यात सबसिडी शिरलीय, रविवारी इंदूरला आमच्याकडे येतो आणि पोहे संपेपर्यंत तेच चालू. त्याचा हिशोब इथे टाकतोय, अशा बेतात असलेल्यांना उपयोग होईल.

त्याचा जीव अडकलाय मध्य प्रदेशच्या डॉ. भीमराव आंबेडकर कामधेनू योजनेत. एक युनिट म्हणजे 25 दुभती जनावरं, खर्च 36 ते 42 लाख, सबसिडी 25 टक्के, एससी-एसटी असाल तर 33. आता 40 लाखातले 10 सरकार देणार हे ऐकायला भारीच, पण उरलेले 30 आपले आणि बँकेचेच ना! शिवाय जमीन साडेतीन एकर लागते, तिथेच तो अडला, म्हणतो काकांची एक एकर जोडून दाखवू. अरे बाबा, कागदावर जमेल, चाऱ्याचं काय? म्हशीला दिवसाला 25 किलो हिरवा चारा धरला तरी रोज सहाशेच्या वर किलो होतो, कापणार कोण, आणणार कोण? आत्ता वहिनी पहाटे उठून चारही म्हशींच्या धारा एकटी काढते, एक म्हैस तर दुसऱ्या कोणाला हातच लावू देत नाही. पंचवीसला माणसं ठेवावी लागतील नाहीतर मशीन, आणि म्हैस आटली तरी माणसाचा पगार आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला द्यायचाच. ज्याच्याकडे जमीन, पाणी आणि दोन पोरं गोठ्यात उतरायला तयार आहेत त्याने जरूर करावं, भावाकडे सध्या तिन्ही नाहीत.

शेळ्यांचं राष्ट्रीय पशुधन अभियान टक्क्यात जास्त गोड, 50 टक्के. पण लहानात लहान युनिटच 100 शेळ्या आणि 5 बोकड, त्यावर जास्तीत जास्त 10 लाख, तेही दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता सगळं उभं राहून तपासणी झाल्यावर. तोवर पैसा आपणच फिरवायचा. शेळी कधी पाळली नसेल तर एकदम शंभर घेऊ नका, पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगाची साथ आली की सबसिडी कोणाला आठवत नाही.

मला विचाराल तर चार म्हशीवाल्यासाठी पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्डच बरं, त्याला कोणी सबसिडी म्हणत नाही म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. 2 लाखांपर्यंत व्याज 7 टक्के, वेळेवर भरलं की 3 टक्के सूट, म्हणजे 4 च पडतं. दीड लाखावर वर्षाला साडेदहा हजाराऐवजी सहा हजार, साडेचार हजार वाचले, खलीची, म्हणजे पेंडीची, काही पोती त्यातच निघतात. एकच गोष्ट नीट समजून घ्या, हे कार्ड खली, भुसा, औषध अशा रोजच्या खर्चासाठी आहे, म्हैस विकत घ्यायला नाही. भावाच्या ओळखीतल्या एकाने त्यातून म्हैस घेतली, पुढे चाऱ्याला पैसे उरले नाहीत आणि वेळेवर भरणं चुकलं तशी ती सूटही गेली. जनावर वाढवायचंच असेल तर वेगळं टर्म लोन, म्हणजे ठरलेल्या मुदतीचं कर्ज घ्या, एका वेळी एक.

फुकटचं आणि थोडक्यात मिळणारंही सोडू नका. लाळ्या-खुरकतची लस 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात मोफत टोचतात, आणि 1962 या नंबरवर फोन केला की थोडं शुल्क घेऊन जनावरांच्या डॉक्टरची गाडी गावात येते. मोठ्या सबसिडीच्या नादात हे आपण मोजतच नाही, पण लाळ्याने एक म्हैस आटली तर किती दूध बुडतं ते वहिनीला विचारा.

शेवटी भावाला एवढंच सांगितलं की आधी सहा म्हशी कर, एक वर्ष चारा घरचा पुरतो का बघ, मग कामधेनूचा फॉर्म भर. तो हो म्हणाला, पण काकांच्या जमिनीची नक्कल काढून ठेवलीय असं वहिनीने काल फोनवर सांगितलं.