लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आले: आर ८२.७१ की एन ३९.०?

सोलापुरात राहून अमेरिकन चार्टचं कोडिंग (पेशंटच्या नोंदीतल्या आजारांना आयसीडी-१०-सीएम यादीतले कोड देणं) शिकणारी बरीच पोरं इथेच अडखळतात. कल्चरच्या (लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टवर 'ई. कोलाय, एक लाखाहून जास्त कॉलनी', म्हणजे या जीवाणूचे भरपूर पुंजके, दिसलं की हात एन ३९.० कडे जातो.

आर ८२.७१ म्हणजे लघवीत जीवाणू आहेत, बस. एन ३९.० म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, नेमकी जागा न सांगितलेला. दोन्ही एकत्र लावत नाहीत, कारण संसर्गाचं निदान असेल तर लघवीत जीवाणू सापडणं त्यातच येतं.

सरावाला आपल्याकडचेच पेशंट घेऊ. बार्शीची मधुमेही आजी मोतीबिंदूसाठी दाखल झाली. ना ताप, ना जळजळ. डॉक्टरांनी लिहिलं, 'लक्षणं नसलेला बॅक्टेरियुरिया', म्हणजे लघवीत जीवाणू. इथे आर ८२.७१. अक्कलकोटच्या बाईंचा रिपोर्ट अगदी तसाच, पण त्यांना लघवीला जळजळ आहे आणि डॉक्टरांनी 'यूटीआय' (मूत्रमार्गाचा संसर्ग) लिहिलंय. इथे एन ३९.०, आणि जंतूसाठी सोबत बी ९६.२०. जंतू ईएसबीएल (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा) असल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं असेल तर झेड १६.१२ ही जोडायचा. मात्र त्यांनी मूत्राशयाचा दाह लिहिला असेल तर एन ३० कडे जा, मूत्रपिंडाचा तीव्र दाह असेल तर एन १० कडे. जागा कळलेली असताना एन ३९.० वापरणं हा निव्वळ आळस. बाई गरोदर असेल तर 'ओ' (गरोदरपणाच्या) प्रकरणातला कोड आधी येतो.

म्हणजे लॅबचा कागद एकच, कोड दोन, आणि फरक पडला तो डॉक्टरांच्या एका ओळीने. ती ओळ नसेल तर नुसत्या रिपोर्टवरून आर ८२.७१ सुद्धा लावू नये. आर कोड (लक्षणं आणि तपासणीतले निष्कर्ष यांचा) 'सेफ' असतो, हा क्लासमधला गैरसमज मला मुळीच पटत नाही.

'प्रोबेबल यूटीआय' (बहुधा यूटीआय) लिहिलेलं असेल तेव्हा पेशंट कुठला ते आधी बघा. ओपीडीचा असेल तर एन ३९.० नाही. जळजळीची तक्रार असेल तर आर ३०.० लावा. आंतररुग्णाच्या डिस्चार्ज समरीत तेच शब्द असतील तर निदान पक्कं धरून कोड लागतो. आणि 'युरोसेप्सिस' (लघवीच्या संसर्गासाठी वापरला जाणारा ढोबळ शब्द) दिसलं तर थांबाच. त्याला ठरलेला कोडच नाही, डॉक्टरांना विचारावंच लागतं.

निदान कुठेच नाही पण नायट्रोफ्युरँटॉइन (लघवीच्या संसर्गावरचं अँटिबायोटिक) सुरू आहे, अशा चार्टवरही क्वेरीच (डॉक्टरांना लेखी विचारणा) काढायची. गोळीवरून आजार ओळखणं आपलं काम नाही. क्वेरीत 'यूटीआय आहे ना?' असं डॉक्टरांच्या तोंडी घालू नका. 'अमुक तारखेच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आढळले, नायट्रोफ्युरँटॉइन सुरू आहे. या उपचारामागचं निदान कृपया नोंदवावं,' एवढं पुरे.