थार डिझेल की जिम्नी, पहिल्या ऑफरोडिंगला काय घेऊ?

भाच्याला पावसाळ्यानंतर ग्रुपबरोबर इंदूरजवळच्या चोरलकडे ऑफरोडिंग सुरू करायचंय आणि तो या दोघींत अडकलाय, तर ऐक रे. लो रेंज, म्हणजे अवघड वाटेवर हळू पण जास्त जोराने चालवणारा गिअर, जिम्नीत आणि थारच्या 4x4 मध्ये आहे, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) थारचा 226 मिमी, जिम्नीचा 210, तिथे फार अडणार नाही. खरा फरक वजनाचा, जिम्नी जेमतेम 1200 किलोची म्हणून आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत कमी रुतते, आणि रुतलीच तर मागची गाडी पट्टा लावून पटकन ओढून काढते, थार काढायला जास्त जोर लागतो. पण दगडी चढावर थारचा 300 एनएम टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) कामी येतो, निवांत चढते, जिम्नीचा 134 आहे त्यामुळे एक्सिलरेटर जपून धरून ठेवावा लागतो. राजवाड्याच्या गर्दीत जिम्नी सोपी, शिवाय पाच दारं, आजीला मागे बसता येतं. चिखल आणि घरची रोजची कामं असतील तर जिम्नीच घे, चढ आणि लांबचा हायवे जास्त असेल तर थार.