वरच्या व्हेरियंटचे पैसे कशासाठी मोजावेत? मीटरचा पडदा आणि ‘एडास’, पुण्याच्या रस्त्यांवर पारखून

२०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही७०० आणि एमजी अ‍ॅस्टर या गाड्यांबरोबर चालक-सहायक प्रणाली, म्हणजे शोरूमच्या भाषेत ‘एडास’, आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांत आली आणि २०२४ मध्ये एक्सयूव्ही ३एक्सओच्या निमित्ताने तिची दुसरी पातळी, म्हणजे वेग आणि स्टिअरिंग दोन्हींना एकाच वेळी मदत करणारी, चार मीटरच्या आतल्या गाडीतही मिळू लागली. त्यामुळे घरची जुनी हॅचबॅक बदलायचे ठरल्यावर वरच्या व्हेरियंटचे वाढीव पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या चालवून पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, पुणेकराने स्टिअरिंग सांभाळणाऱ्या सुविधेपेक्षा आरशात न दिसणारी बाजू दाखवणाऱ्या सुविधेला आधी पैसे द्यावेत.

पडद्याच्या इंचांवर भुलू नये. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते, म्हणून वेगाचा आकडा एका नजरेत वाचता येतो की नाही, हीच खरी परीक्षा आहे. एका गाडीत एसीच्या पंख्याचा वेगसुद्धा मधल्या टचस्क्रीनच्या मेनूत शिरून बदलावा लागत होता आणि चांदणी चौकाच्या वळणांवर ते मला धोक्याचे वाटले. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनेही २०२६ च्या गुणांकनात इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींसाठी हाताला लागणारी स्वतंत्र बटणे असण्याला महत्त्व दिले आहे. समोरच्या काचेपाशी वेग दाखवणारा हेड-अप डिस्प्ले सुखद आहे, मात्र पोलराइज्ड गॉगल घातल्यास तो फिका पडतो. तुम्ही तसा गॉगल वापरत असाल तर तो घालूनच गाडी पाहावी.

मन जिंकले ते ब्लाइंड व्ह्यू मॉनिटरने. क्रेटा, सेल्टॉस, नेक्सॉन यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ही सोय मिळते. डावा इंडिकेटर दिला की आरशाखालच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पडद्यावर उमटते. नवले पुलाजवळ सेवा रस्त्याकडे वळताना आरशात काहीच नव्हते, पण त्या चित्रात मागच्या दाराला जवळजवळ खेटून येणारी दुचाकी आणि तिच्यावर मागे बसलेल्या मुलीचे दप्तर स्पष्ट दिसले. दोन्ही बाजूंनी दुचाक्या सुटणाऱ्या या शहरात एवढ्या एका सोयीसाठी मी वरचा व्हेरियंट घेईन. पावसाचे थेंब लेन्सवर साचले की चित्र धूसर होते, हे मात्र लक्षात ठेवावे.

लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेला रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसावे लागतात. कात्रज–देहूरोड बाह्यवळणावर जिथे ते पुसट झाले आहेत, तिथे ती गप्प बसते, आणि शहरात तर तिचा उपयोग नाहीच. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझची गोष्ट वेगळी आहे. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात, १०० च्या मर्यादेत, पुढच्या गाडीशी अंतर राखण्याचे काम ते उत्तम करते आणि पायाला खरोखर आराम मिळतो. बोरघाटात मी ते बंदच ठेवीन. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा हवीच, पण रिक्षा आडवी आली की तिचा इशारा वाजतो, म्हणून तिची संवेदनशीलता कमी करता येते का आणि गाडी पुन्हा सुरू केल्यावर ती निवड टिकते का, हे टेस्ट ड्राइव्हमध्येच तपासावे. त्यासाठी शोरूमने ठरवलेली मोकळ्या रस्त्यावरची फेरी पुरेशी नाही. रोजच्या वाटेवर, गर्दीच्या वेळी गाडी मागावी.

देखभालीच्या खर्चाबद्दल विक्रेते आपणहून सहसा बोलत नाहीत. एडासचा कॅमेरा समोरच्या काचेमागे असल्यामुळे काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि रडार बहुधा बंपरच्या भागात असल्यामुळे तिथे बाहेरचा गार्ड बसवता येत नाही. हे जुळवणीचे काम पुण्यातल्या त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये होते का आणि त्याचा खर्च विम्यात धरला जातो का, याचे उत्तर बुकिंगचे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.