द्रवाची चिप: नायट्राइडची खिडकी की ग्राफीनची पुडी?

धुळ्याची एक विद्यार्थिनी विचारते, "दादा, पाण्यात वाढणारे सोन्याचे नॅनोकण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचेत, चिप कोणती करू?" (जळगावच्या सराफ्यातलं सोनं त्यामानाने सोपं!) मायक्रोस्कोपच्या आत निर्वात असतो, उघडं पाणी उडून जाईल. म्हणून द्रव इलेक्ट्रॉन आरपार जातील अशा पातळ भिंतींमध्ये बंद करतात. पर्याय दोन: सिलिकॉन नायट्राइड या कडक पदार्थाची खिडकी, किंवा ग्राफीनची, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या थराची, पुडी.

मेहनत: नायट्राइडसाठी सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) सिलिकॉन नायट्राइडचा थर चढवतात. मग मागून कॉस्टिक पोटॅशने (तीव्र अल्कलीने) सिलिकॉन विरघळवतात. तो 54.7 अंशांच्या उतारात कोरला जातो आणि उरते साधारण 50 नॅनोमीटरची पातळ खिडकी. अशा दोन चिपा समोरासमोर, मध्ये द्रव. याला क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) हवी, म्हणजे मुंबई आयआयटी किंवा बेंगळुरूच्या चकरा. माझी पहिली खिडकी चिमट्याचं टोक लागताच फुटली, आवाजसुद्धा नाही.

ग्राफीन 2012 पासून वापरात आहे. तांब्याच्या पत्र्यावर वाढलेलं ग्राफीन मायक्रोस्कोपच्या नमुन्याच्या बारीक जाळीवर घ्यायचं, तांबं विरघळवायचं, थेंब टाकून वर दुसरा थर. द्रवाच्या पुड्या आपोआप बांधल्या जातात. कुठे, केवढ्या, हे मात्र नशीब. तयार ग्राफीन मिळालं तर साध्या प्रयोगशाळेत जमतं, खर्चही कमी.

चित्र: इथे ग्राफीनच वरचढ, अणूंच्या रांगा दिसू शकतात. नायट्राइडची खिडकी निर्वातात बाहेर फुगते, मध्ये द्रव जाड होतो नि चित्र धूसर. खिडकी अरुंद ठेव, फुगवटा कमी होतो.

प्रवाह: पुडीत नवा द्रव सोडता येत नाही. नायट्राइडमध्ये येतो, इलेक्ट्रोडही बसवता येतात.

तुला कणांची रचनाच बघायची असेल तर ग्राफीन घे. मधेच रसायन बदलायचं किंवा बॅटरीचं काम असेल तर नायट्राइड. आणि चिपा दुप्पट बनव, फुटतातच.