बॉयलर की हीट पंप? इंग्लंडमध्ये स्वतः घर बांधणाऱ्यांसाठी, कागदांच्या बाजूने

इंग्लंडमध्ये प्लॉट घेऊन स्वतः घर बांधायला निघालेल्या आपल्या मंडळींशी बोलताना हीटिंगचा विषय निघाला की बोलणं लगेच महिन्याच्या बिलावर जातं. बिल महत्त्वाचं आहेच, पण घर उभं राहिल्यावर अडतं ते कागदांवर. बिल्डिंग कंट्रोलचं (बांधकाम नियमांप्रमाणे झालंय का ते तपासणाऱ्यांचं) कम्प्लिशन सर्टिफिकेट हातात नसेल तर कर्जाचा शेवटचा हप्ता सहसा सुटत नाही, व्हॅटचा परतावा रखडतो आणि उद्या घर विकायला काढलं की समोरचा वकील तेच कागद मागतो. म्हणून इथे गॅस बॉयलर आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) यांची तुलना, तीही फक्त कागदांची. माझं मत आधीच सांगतो: यंत्र ठरवण्याआधी सही कोण करणार ते ठरवा.

गॅस बॉयलरचा मार्ग मळलेला आहे. गॅसचं काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत, हवा. २००९ साली कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी ही आली. त्याचं कार्ड मागून, उलटं करून बघा. कोणकोणती कामं करायला तो पात्र आहे हे मागच्या बाजूला असतं. काम झाल्यावर ३० दिवसांच्या आत त्याने नोंद करायची, मग बिल्डिंग रेग्युलेशन्सचं सर्टिफिकेट घरी येतं. शिवाय बॉयलरच्या पुस्तिकेत बेंचमार्कची (बॉयलर नीट बसवून तपासल्याच्या नोंदीची) पानं असतात, तीही त्याच्याकडून तिथल्या तिथे भरून घ्या. पुढे वॉरंटीचा प्रश्न आला की कंपनी आधी तीच मागते. लागेल तसं पाणी तापवणारा कॉम्बी बॉयलर घेतलात तर गरम पाण्याची टाकी नाही, म्हणजे तिचा कागदही नाही.

बॉयलरची खरी अडचण सॅपच्या, म्हणजे घराला किती ऊर्जा लागेल ते काढायच्या सरकारी पद्धतीच्या, गणितात आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या पार्ट एलमध्ये (बिल्डिंग रेग्युलेशन्सचा ऊर्जाबचतीचा भाग) नव्या घराला गॅस बॉयलर चालतो, पण आकडे जुळवायला बहुतेक वेळा छपरावर सोलर पॅनल घालावे लागतात. मग त्यांचे कागद वेगळे. आणि पाणी ५५ अंशांपेक्षा जास्त तापवावं लागणार नाही असा रेडिएटरचा हिशोब दोन्हीकडे करावाच लागतो, त्यामुळे ‘बॉयलर असला की लहान रेडिएटर भागतात’ ही जुनी सोय आता राहिलेली नाही.

हीट पंपाचे कागद जास्त, पण एमसीएसचा (हीट पंप, सोलर अशा यंत्रांच्या प्रमाणपत्र योजनेत नोंदलेला) इन्स्टॉलर असेल तर बरेचसे तोच तयार करतो: प्रत्येक खोलीतून किती उष्णता जाते त्याचा हिशोब, आवाजाची तपासणी, वीज वितरण कंपनीला कळवणं आणि शेवटी एमसीएस सर्टिफिकेट. टाकी लागतेच, ती प्रेशरवाली असेल तर बसवणारा जी-थ्रीची (अशा टाक्यांच्या नियमाची) पात्रता असलेला हवा. बाहेरचं युनिट मूळ प्लॅनिंगच्या नकाशातच दाखवून टाका, नंतर धावपळ नको. मोबदल्यात बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी योजनेचे ७,५०० पौंड मिळतात. बिल्डरने विकायला बांधलेल्या नव्या घरांना ही मदत नाही, स्वतः बांधलेल्या घराला आहे. अर्ज इन्स्टॉलर करतो आणि रक्कम तुमच्या बिलातून वजा होते.

तिसरा पर्याय म्हणजे ओळखीच्या प्लंबरकडून एमसीएसशिवाय पंप बसवून घेणं. कायद्याने एमसीएस सक्तीचं नाही, बिल्डिंग कंट्रोलचं समाधान केलं की झालं. पण ७,५०० पौंड गेले. आणि स्प्लिट पंप (आत-बाहेर दोन युनिटं, मध्ये रेफ्रिजरंटच्या नळ्या) असेल तर रेफ्रिजरंटला, म्हणजे उष्णता वाहणाऱ्या वायूला, हात लावायला एफ-गॅसचं प्रमाणपत्र असलेला माणूस लागतोच. सगळं एकाच युनिटमध्ये असलेल्या मोनोब्लॉकला ती अट नाही. इथेच एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण हौसेने अंडरफ्लोअरच्या (जमिनीखालून घर तापवायच्या) नळ्या स्वतः अंथरतो आणि मग एमसीएसवाला शोधतो. डिझाइनची जबाबदारी त्याच्या डोक्यावर असल्यामुळे दुसऱ्याने टाकलेल्या नळ्यांवर सही करायला तो कचरतो. अशा कामावर सही देणाऱ्या अंब्रेला कंपन्या आहेत, पण त्यांच्याशीही नळ्या टाकण्याआधी, लेखी बोलायला हवं.

यंत्र कुठलंही घ्या, फोटो काढणं चुकत नाही. नव्या पार्ट एलप्रमाणे इन्सुलेशनचे आणि नळ्यांवरच्या लॅगिंगचे (उष्णता राखणाऱ्या आवरणाचे) फोटो काम झाकण्याआधी काढावे लागतात, आणि फोटोत तारीख नि जागेची नोंद असावी लागते. आमच्याकडे जिन्याखालच्या नळ्यांचे फोटो प्लंबरने काढले, व्हॉट्सॲपवर पाठवले, मी ते जपून ठेवले. सॅप करणाऱ्याने ते परत पाठवले. व्हॉट्सॲपवरून येताना जागेची माहिती गळून पडते हे मला ठाऊक नव्हतं. तोवर प्लास्टरबोर्ड लागला होता. मूळ फोटो प्लंबरच्या फोनमध्ये शिल्लक होते म्हणून भिंत फोडायची वेळ आली नाही, पण ते दोन दिवस झोप नीट लागली नाही. तेव्हा फोटो स्वतःच्या फोनने, लोकेशन चालू ठेवून काढा आणि ईमेलने मूळ फाइलच पाठवा. डिझाइनच्या सॅपमध्ये लिहिलेलं मॉडेल ऐनवेळी बदललं, तर सॅप करणाऱ्याला त्याच दिवशी कळवा.

व्हॅटमध्ये फरक यंत्राचा नाही, खरेदी कोण करतो याचा आहे. नव्या घरात ठेकेदार माल आणून बसवत असेल तर शून्य टक्के. तुम्ही स्वतः माल घेतलात तर २० टक्के भरायचे आणि घर पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत परत मागायचे. दावा एकदाच करता येतो. ठेकेदाराने चुकून व्हॅट लावला असेल तर ते पैसे सरकार देत नाही, त्याच्याकडूनच बिल दुरुस्त करून घ्यावं लागतं.

प्लॉटच्या दारात गॅसची लाइन आहे, घर लहान आहे आणि सोलर घालायचाच आहे, तर बॉयलरचे कागद लवकर उरकतात. बाकी बहुतेकांना मी हीट पंपच सुचवेन, तोही नळ्यांपासून टाकीपर्यंत एकाच एमसीएस इन्स्टॉलरकडून. कोटेशन मागताना विचारा: अंडरफ्लोअरची प्रेशर टेस्ट तुम्ही करणार का, आणि काँक्रीट ओतण्याआधी गेजचा फोटो मला देणार का? हो म्हणाला, तर ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.