लॅमी २०००: मॅक्रोलॉन की स्टील?

निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर लॅमी २००० हे शाईचं पेन मॅक्रोलॉनचं, म्हणजे प्लास्टिकच्या अंगाचं, घ्या. स्टीलचं देखणं आहे, पण ते सह्या करायचं पेन आहे.

मी दिवाणी वकिली करते. दावा असो वा कैफियत, कच्चा मसुदा अजूनही फुलस्केपवर हातानेच लिहिते. मॅक्रोलॉनचं पेन माझं. स्टीलचं आमच्या सरांचं. ते परगावी गेले तेव्हा बरेच दिवस माझ्याकडेच होतं. डिझायनर गेर्ड आल्फ्रेड म्युलर यांनी १९६६ साली दिलेला आकार दोन्हींचा एकच. १४ कॅरेट सोन्याची, प्लॅटिनमचा मुलामा दिलेली निब तीच, शाई ओढायचा पिस्टन तोच. बदललंय ते फक्त अंग. धातूने लिहिण्यात नेमका काय फरक पडतो हे बघायला इतकी सोयीची जोडी क्वचित मिळते.

मॅक्रोलॉन म्हणजे काचतंतू मिसळलेलं पॉलिकार्बोनेट. झाकणासकट ते पेन २५ ग्रॅमच्या आसपास भरतं, स्टीलचं ५० च्या पुढे जातं. स्टील या प्लास्टिकच्या साधारण सहापट जड, मग पेन दुपटीवरच का थांबलं? कारण मॅक्रोलॉनच्या पेनातही बोटं टेकतात तो पुढचा भाग स्टीलचाच आहे, क्लिपही भरीव स्टीलची. खरी गंमत इथेच आहे. झाकण काढलं की हलक्या पेनातलं बरंचसं वजन निबेजवळ राहतं, पेन आपणहून कागदाकडे झुकतं आणि हाताला दाबावं लागत नाही. स्टीलच्या पेनात मागचा दांडाही जड, त्यामुळे भार अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात येऊन बसतो. मनाईहुकुमाचा तातडीचा अर्ज लिहायला बसलं की तासाभरात मनगट कुरकुरायला लागतं. झाकण मागे खोचून लिहायचं असेल तर विचारूच नका. सरांना यातलं काही जाणवत नाही. ते वकालतनाम्यावर सही करतात, मसुदे मी लिहिते.

दुकानात लोक पेन तळहातावर तोलून बघतात आणि जड लागलं की खूश होतात. वजनाचा किमतीशी तसा संबंध नाही. जपानच्या नाकाया कंपनीची, एबोनाइटची (म्हणजे कडक रबराची) आणि वर उरुशी लाख चढवलेली पेनं लॅमीच्या कितीतरी पट महाग, अंगाने चांगली जाडजूड, तरी हातात हलकी. उलट पेलिकनची एम ६०० आणि एम ८०० बघा. वरून दोन्ही प्लास्टिकचीच दिसतात, पण एम ८०० च्या पोटातला पिस्टन पितळी आहे. आकारही थोडा मोठा आहे म्हणा, पण एक २० ग्रॅमच्या आत आणि दुसरं ३० च्या घरात, हा फरक मुख्यतः त्या पितळेचा. शाईचा विचार सोडून द्या. लॅमीची टाकी काठोकाठ भरली तरी वजन जेमतेम ग्रॅम-सव्वा ग्रॅमने वाढतं.

मे महिन्यात, पंखा नुसता फिरतोय अशा बाररूममध्ये, घामेजल्या बोटांना स्टील सटकतं. हा त्रास दोन्ही पेनांत आहे, कारण पकड दोन्हीकडे स्टीलची. पण मॅक्रोलॉनचं पेन जरा वर धरता येतं. त्याचं खरखरीत, बिनचकाकीचं अंग बोटांना धरून ठेवतं. स्टीलच्या पेनात वर सरकलं तरी स्टीलच.

पकडीच्या वरच्या कडेला, झाकण अडकावं म्हणून दोन बारीक कानही आहेत. काहींना ते बोटाला टोचतात. हलक्या पेनात मला ते जाणवतसुद्धा नाहीत, पण जड पेन सावरायला मूठ आवळली गेली की लगेच कळतात. म्हणून घेण्याआधी दुकानदाराकडून शाई भरून घ्या, झाकण काढून बाजूला ठेवा आणि निदान अर्धं पान लिहून बघा. नुसती सही केली तर दोन्ही आवडतील.