चक्कर आणि श्रवण: सांगलीतील प्रशिक्षणवर्गाचा अनुभव

सांगलीत पदव्युत्तर डॉक्टरांसाठी झालेल्या श्रवण व तोल या विषयावरील दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गाला मी गेलो, तो चक्कर येणाऱ्या रुग्णाला मानेच्या मणक्यांचे निदान देऊन परत पाठवण्याची माझी जुनी सवय मोडावी म्हणून. चक्करेचे मूळ अंतर्कर्णात आहे का हे पाहणारी, १९५२ साली मांडली गेलेली डिक्स-हॉलपाइक चाचणी पुस्तकात सोपी वाटते; परंतु मान ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन आडवे केल्यावर डोळ्यांची थरथर नेमकी कोणत्या दिशेने होते, हे स्वतः केल्याशिवाय ओळखता येत नाही, आणि येथे ती प्रत्येकाकडून करून घेतली गेली. अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे कण मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की घेरी का येते आणि एप्लीच्या पद्धतीने डोके टप्प्याटप्प्याने फिरवल्यावर ते युट्रिकलमध्ये, म्हणजे अंतर्कर्णातील त्यांच्या मूळ पिशवीत, कसे परततात, हे पारदर्शक नळीत दाखवले, तो तास सर्वांत मोलाचा ठरला. श्रवणाचा भाग मात्र घाईत उरकला. नवजात बालकांच्या ओएई चाचणीला (अंतर्कर्णातून परत येणारा सूक्ष्म ध्वनी टिपून श्रवण तपासण्याची पद्धत) जेमतेम अर्धा तास मिळाला, तोही जेवणानंतरचा. ध्वनिरोधक खोली नसल्यामुळे ऑडिओमेट्रीचे, म्हणजे ऐकण्याची क्षमता मोजण्याचे, प्रात्यक्षिक रस्त्यावरील हॉर्नच्या साथीने पार पडले, आणि माझ्या स्वतःच्या आलेखात त्यामुळे उगाच बहिरेपणा उमटला.